बांधापलीकडचं वांगं

माझ्या सासूबाईंनी ज्या वांग्यासाठी अर्धं आयुष्य भांडण्यात घालवलं, ते वांगं त्यांनी स्वतः कधीचंच सोडलंय. ज्यात बियाच बिया ते खायचं नाही, असा नियम त्यांनी तरुणपणी एका मुनिमहाराजांसमोर घेतला आणि आजतागायत पाळला. खात नाहीत, पण लावतात. दरवर्षी बी धरतात, राखेत घोळून वाळवतात आणि मागेल त्याला देतात. लग्न होऊन मी बेळगावच्या खासबागेतून या घरात आले तेव्हा मला हे सगळं जरा अतीच वाटलं होतं. आपण खायचं नाही ते पिकवायचं कशाला, असं मी नवऱ्याला विचारलं. गोमटेश म्हणाला, आईला विचार. तो साखर कारखान्यात नोकरीला आहे आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर हेच असतं.

सासूबाईंचं नाव अक्काताई मगदूम. मी त्यांना आत्ती म्हणते, आमच्याकडच्या सुना तसंच म्हणतात. निपाणीहून चिकोडीकडे जाताना आमचं गाव लागतं. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मागे शेत आत्तींनीच सांभाळलं. त्यात ऊस आहे, सोयाबीन आहे आणि विहिरीलगत अर्धा एकर वांगं. फिकट जांभळं, पांढऱ्या रेघांचं, देठाला असे काटे की बेसावध हात घातला तर रक्त काढील. हे बी आत्तींच्या सासूनं दूधगंगेपलीकडच्या आपल्या माहेराहून आणलं होतं. त्याला नाव नाही. आम्ही नुसतं 'आमचं वांगं' म्हणतो.

माझ्या लग्नाला आठवडा झाला नव्हता, हाताची मेंदी तशीच होती, आणि सासू घरातून गायब. कुठं गेल्या म्हणून विचारलं तर म्हणे बेंगळुरूला, वांग्याच्या सुनावणीला. तेव्हा जनुक बदललेलं वांगं देशात येऊ द्यायचं की नाही, यावर सरकारनं ठिकठिकाणी लोकांचं म्हणणं ऐकायला बसायचं ठरवलं होतं. किडीला मारणारं विष झाडाच्या अंगातच तयार व्हावं, म्हणून बियाण्यात दुसऱ्याच जिवाचा जनुक घालायचा, असा तो प्रकार. आत्ती टोपलीभर वांगी घेऊन एसटीनं गेल्या आणि गर्दीत एक चप्पल हरवून परत आल्या. पुढं सरकारनं ते वांगं थांबवलं. त्या थांबवण्यात आपला वाटा एक टोपलीचा आणि एका चपलेचा, असं त्या अजून सांगतात.

तेव्हापासून त्यांना चळवळीचा नाद लागला तो लागलाच. लग्नाची पंगत असो, बस्तीतलं, म्हणजे आमच्या जैन मंदिरातलं, प्रवचन असो की बाजार, शेजारी बसलेल्या बाईला त्या रासायनिक खत सोडायला सांगणार, शेणखताचा खड्डा कसा भरायचा ते शिकवणार आणि उठताना पदराच्या गाठीतलं बी तिच्या हातावर ठेवणार. निपाणीकडं मराठीत आणि चिकोडीकडं कन्नडमध्ये. भाषेवरून भांडणाऱ्या या मुलखात वांग्याला दोन्ही कळतात, असं त्या म्हणतात. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, त्यामुळं बेळगावच्या सभेत आत्ती माइकवर 'मी सांगतो ते ऐका' म्हणाल्या की टिळकवाडीची शहरी मंडळी हसायची आणि मग गप्प होऊन ऐकायची. मला मात्र राग यायचा. मी शाळेत शिकवायला गेल्यावर घरची चूल कुणी बघायची, गुरांना वैरण कुणी टाकायची? माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो, आणि तेव्हा तर वड्याचं तेल वांग्यावर काढायला मला खरोखरचं वांगं मिळालं होतं.

दोन वर्षांमागच्या श्रावणात मोटारसायकलवरून एक माणूस गावात आला. नीटनेटका, गोड बोलणारा, पाठीला पिशवी. कुठल्याशा बियाणं कंपनीचा. नवीन वांग्याचं प्रात्यक्षिक करायचंय, रोपं आम्ही देऊ, देखरेख आम्ही करू, तुम्ही फक्त जागा द्या, म्हणाला. अळी लागणारच नाही, फवारणीच नको. परवानगीचं विचारलं तर म्हणाला, ती काय, येतेच आहे. आमच्या घरी तो मुद्दाम आला. आत्तींचं नाव त्याच्या कानावर गेलेलं असणार. चहा घेतला आणि अगदी आदरानं म्हणाला, "आजी, तुम्ही जैन. फवारणी म्हणजे हिंसा. या वांग्यात तुम्हाला काही मारावंच लागत नाही. हे तर तुमच्यासाठीच बनवलंय."

मी मनात म्हटलं, गडी तयारीनं आलाय. आत्तींनी विचारलं, "मग अळी मरत न्हाय व्हय?"

"मरते. पण झाड मारतं, तुम्ही नाही."

"झाड लावनार कोन? मीच न्हवं. बाबा, मी सकाळी किडकं शेंडं खुडतो, त्यात काय मरत आसंल त्ये माझ्या हातनं मरतंय, आनि त्येचं पाप मी रोज संध्याकाळी देवाम्होरं कबूल करतो. तुझ्या झाडात मला कबूल करायला बी जागा र्‍हानार न्हाय."

त्या माणसानं कप खाली ठेवला, नमस्कार केला आणि आमचा बांध ओलांडून सरळ परशरामच्या रानात गेला.

परशराम आमचा बांधभाऊ. त्याचं रान आमच्या वांग्याला चिकटून आहे. दोन्ही घरांचं तीन पिढ्यांचं येणं-जाणं, औत बैल एकमेकांचे वापरलेले. कुठल्या वळणावर त्याला ती रोपं पटली कोण जाणे, दसरा झाला की लावायला जागा देतो असा शब्द त्यानं देऊन टाकला. ऐकलं तशा आत्ती उठून बांधावर गेल्या. मधमाशीला बांध कळत नाही. ती पलीकडच्या फुलावरून अलीकडच्या फुलावर येणार, आणि पुढच्या वर्षी आम्ही धरू ते बी आमचं असेल की कंपनीचं, हे सांगायला आमच्याकडं काही साधन नव्हतं. आत्तींच्या सासूच्या माहेरचं बी एका हंगामात जाणार होतं.

बेळगावात टिळकवाडीला आरोही म्हणून एक वकील मुलगी राहते. सेंद्रिय शेतकऱ्यांचा रविवारचा बाजार ती चालवते, आमची वांगी तिथंच जातात. तिनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, असल्या बियाण्याला परवानगीच नाही, तक्रार द्या, एका दिवसात पंचनामा होईल. मी तयार होते. आत्तींनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "पंचनामा कुनाच्या रानात व्हनार? परशूच्या. माझ्या बांधावरच्या मानसाच्या दारात मी सरकार नेऊन उभं करू?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मग त्यांनी परशरामला समजवायला सुरुवात केली. तो विहिरीवर आला की बी म्हणजे काय, जमीन म्हणजे काय, आपल्या आज्या-पणज्या काय खात होत्या. परशराम मान डोलवायचा, "खरं हाय आक्का" म्हणायचा आणि निघून जायचा. त्याचं असं निमूट ऐकून घेणं बघून माझं डोकं फिरायचं. भांडला असता तर बरं झालं असतं.

आरोहीनं मग दुसरा उपाय काढला. गावातच देशी वांग्याचं जेवण घालायचं. भरली वांगी, भरीत, वांग्याची भाजी-भाकरी. लोकांनी चव घ्यावी, चार शब्द ऐकावेत, परशरामनंही बघावं. गणपतीत सगळे गावात असतात म्हणून तिनं मधला रविवार धरला, मंडळाच्या पोरांकडून पत्रकं छापून घेतली आणि निपाणीपर्यंत वाटूनही टाकली. पत्रक आमच्या हातात पडलं तेव्हा मी तारीख वाचून कपाळाला हात लावला. गणपती तेव्हाच आमचं दशलक्षण पर्व. त्या दहा दिवसांत जैनांच्या घरात कुणी एकवेळ जेवतं, कुणी नुसतं पाण्यावर असतं, आणि वांगं तर चातुर्मासाचे चार महिने चुलीजवळ येत नाही. अर्धं गाव जैन. मी आरोहीला फोन लावायला निघाले तर आत्तींनी अडवलं. "एवढ्या लांबनं मानसं येनार, एवढं हौसेनं केलंय पोरीनं. नगं म्हनू नगंस. खानारं खातील."

खाणारे कोण, तर मराठ्यांची आळी. त्या आळीतली बहुतेक घरं खंडोबाची. आषाढात सोडलेलं वांगं चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडगा दाखवल्याशिवाय ती माणसं तोंडात घालत नाहीत, हे ना आरोहीला ठाऊक, ना आमच्या लक्षात आलं. तिच्या घरी कुलदैवत वेगळं, आमच्या घरी धर्म वेगळा. मंडळाच्या पोरांना तरी आठवायला हवं होतं, पण ती डीजेच्या नादात.

त्या रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. टिळकवाडीहून गाड्या भरून मंडळी आली. मोठमोठ्या पातेल्यांत भरली वांगी खदखदत होती, मसाल्याचा वास बसस्टँडपर्यंत गेला होता. गावही आलं, नटूनथटून आलं, खुर्च्यांवर बसलं आणि हाताची घडी घालून बसून राहिलं. वाढपी पुढं आला की एक म्हणायचा उपवास आहे, दुसरा म्हणायचा आमचं बंद आहे. परशराम पहिल्या ओळीत होता. त्याच्या पानात आरोहीनं स्वतः वांगं वाढायला घेतलं तर तो उठून उभाच राहिला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, देवाचं हाय. चंपाषष्ठीला या, दोन खातो." सगळं पटांगण हसलं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, कंपनीचं वांगं तरी कोण खाणार होतं गणपतीत. आरोहीचा चेहरा रडवेला झाला. टिळकवाडीची मंडळी मात्र मनापासून जेवली आणि उरलेलं डब्यांत भरून घेऊन गेली. मी चिडून पातेली आपटत होते. आणि आत्ती? त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. उपास असताना इतकं हसू कसं येतं, मला कळत नव्हतं.

पण त्या फजितीतूनच खरी गोष्ट कळली. संध्याकाळी पातेली घासायला परशरामची बायको मालुबाई आपणहून आली. आम्ही तिघी नळावर बसलो. राखेनं पातेलं घासता घासता ती एकदम म्हणाली, "आक्का, ह्येंच्यावर रागावू नगा. फवारलं की रातभर ओकत्यात. डोळ्याम्होरं अंधारी येती. गेल्या साली चिकोडीला दवाखान्यात घातलं व्हतं, कुनाला सांगू दिलं न्हाय मला. फवारायचं न्हाय म्हनल्यावर ह्येनी लगीच व्हय म्हनलं बगा."

आत्तींचा हात थांबला. महिनाभर त्या परशरामला बियाबद्दल सांगत होत्या. तू हे का घेतलंस, असं एकदाही त्यांनी विचारलं नव्हतं. मीही नाही, आरोहीनंही नाही. सगळे त्याला शिकवायला गेलो होतो. आत्तींनी हात धुतले, मालूच्या पाठीवरून फिरवले, आणि पुन्हा पातेलं घासू लागल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या परशरामच्या दारात. मी मागून गेले, कारण त्या काय कबूल करून येतील याची मला धास्ती होती, आणि ती खरी ठरली. त्या त्याला म्हणाल्या, "परशू, आजाऱ्याला उपाय पायजे, भाषन न्हवं. माझं चुकलं. तू माझं वांगं लाव. पंपाला हात लावायचा न्हाय. अळी मी बघतो. तुझ्या रानातली बी."

परशराम म्हणाला, "आक्का, तुमचं वय काय आनि दोन रानं कशी बघनार?"

"सून हाय की माझी," आत्ती म्हणाल्या.

घरी येऊन मी आकाशपाताळ एक केलं. कुणाच्या जिवावर शब्द देता, शाळेला मी जायचं कधी, असं सगळं बोलले. आत्तींनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या की तू नाही आलीस तरी मी जाणारच, फक्त मला वाकून उठायला वेळ लागतो. परशरामनं कंपनीच्या माणसाला यंदा नको म्हणून सांगितलं आणि दसऱ्यानंतर आमचीच रोपं लावली. एका हंगामापुरतं, असं त्यानं दहादा बजावलं.

मग सुरू झाली आमची सकाळ. रोप गुडघ्याएवढं झालं की अळी शेंड्यात शिरते आणि शेंडा मान टाकतो. ऊन चढायच्या आत एकेक ओळ बघत जायचं, मान टाकलेला शेंडा अळीसकट खुडायचा आणि टोपलीत टाकायचा. पुढं फळं धरली की भोक पडलेलं फळही तसंच काढायचं. आत्ती टोपली उचलून पार ओढ्यापलीकडच्या झाडीत नेऊन रिकामी करायच्या. तिथं ज्याचं नशीब त्याच्यापाशी, म्हणायच्या. अळ्यांना तिकीट काढून एसटीत बसवायचं तेवढं बाकी आहे, असं मी म्हटलं तर परशराम पहिल्यांदा मोकळेपणानं हसला. काटे बोचून माझी बोटं सुजली. पहिल्या आठवड्यात मी रोज शिव्या घालत गेले, पण गेले. मालुबाई चूल टाकून यायची. आठ-दहा दिवसांनी परशरामही ओळीत वाकला. निंबोळ्या कुटून त्यांचं पाणी त्यानं स्वतः शिंपडलं, आणि घाबरत घाबरत संध्याकाळपर्यंत वाट बघितली. काही झालं नाही. त्या संध्याकाळी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला असं मालूनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

वांगं चांगलं आलं असं मी छातीठोक सांगणार नाही. चारातलं एक किडकं निघायचं. निपाणीच्या दलालानं तोंड वाकडं केलं. मग आरोहीनं तो माल बेळगावच्या बाजारात घेतला. त्या जेवणाच्या फजितीची भरपाई म्हणून ती जणू इरेला पेटली होती, दर रविवारी स्वतः टोपलीमागं उभी राहून भोक पडलेलं वांगं कापून गिऱ्हाइकाला दाखवायची, एवढं काढा, बाकीचं बिनघोर खा. तिचे उपकार मी विसरणार नाही. त्या पोरीला मी त्या रविवारी मनात काय काय म्हणाले होते.

चंपाषष्ठी झाली, संक्रांत झाली. फाल्गुनात मोटारसायकल पुन्हा आली. मी विहिरीवर होते, मला सगळं ऐकू येत होतं. यंदा एक हंगाम झाला, आता जागा द्या, तो माणूस परशरामला म्हणाला. परशरामनं त्याला वांग्यात नेलं. ओळीतल्या सगळ्यांत जोमदार झाडांवर त्यानं एकेक फळ न तोडता ठेवलं होतं, ती पिकून पिवळीधमक झाली होती आणि प्रत्येकाच्या देठाला चिंधी बांधलेली होती. बी धरायचं त्यानं आम्हाला सांगितलंही नव्हतं. "जागा न्हाय," तो म्हणाला, "बी धरलंय." त्या माणसानं आणखी थोडं समजावून बघितलं, परशराम नेहमीसारखी मान डोलवत "खरं हाय" म्हणत राहिला आणि जागा दिली नाही. त्याच्या त्या मान डोलवण्यावर माझा जीव पहिल्यांदाच जडला.

त्यानंतर काही दिवसांनी, सुटीच्या दिवशी, मालुबाई आमच्या घरी आली. नवं लुगडं, हातात हळदीकुंकवाचं ताट, ताटात नारळ, खण आणि खणात बांधलेलं काहीतरी. आत्तींनी ताट बघितलं आणि मला हाक मारली, "क्षमा, पाट मांड, मालू तुझी वटी भराय आलीया." मी पाट मांडला आणि बसणार, तर मालूनं माझा दंड धरला. "तू न्हवं गं," म्हणाली. "आक्का, तुम्ही बसा."

आत्ती दोन पावलं मागं सरल्या. मामंजी गेल्यापासून त्यांची ओटी कुणी भरली नव्हती, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आतल्या खोलीत बसायच्या आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. "येडी का काय तू," त्या म्हणाल्या. "माझी भरत न्हाईत. घरात सून हाय, तिची भर."

मालुबाई हलली नाही. ताट घेऊन तशीच उभी राहिली, आणि ती बाई, जी नळावर खाली मान घालून बोलायची, ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "औंदा पंप खुंटीवरनं खाली आला न्हाय आक्का. ह्ये एक रात बी ओकलं न्हाईत. माझं कुंकू तुम्ही राखलंसा, मग तुमची सोडून मी कुनाची भरू?"

आत्ती माझ्याकडं बघत राहिल्या, जणू परवानगी माझी लागणार होती. मी त्यांच्या खांद्याला धरलं आणि पाटावर बसवलं. मालूनं खण सोडला. त्यात तिच्या रानातलं, राखेत घोळून वाळवलेलं बी होतं. आत्तींनी दोन्ही हातांनी पदर पसरला.